‘बॉक्स गेला’ म्हणण्याआधी एवढे तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुणे, मुंबई, हैदराबादकडून घेतलेल्या दहा-पंधरा वर्षे जुन्या ऑटोमॅटिक गाड्या आता सोलापुरात सगळीकडे दिसतात. अशी गाडी एखाद्या दिवशी अचानक ओढायची थांबते आणि गॅरेजमध्ये पहिल्याच फटक्यात निकाल मिळतो: ‘बॉक्स (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गेला, खोलावा लागेल.’ अनेकदा हा निकाल बोनेट नीट न उघडताच दिलेला असतो. त्यावर मालक एक तर मोठा खर्च करतो, नाही तर चांगली गाडी भंगाराच्या भावात विकतो. यातले बरेचसे नुकसान टाळता येते, म्हणून हे पत्र.

बॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा एका रात्रीत झिजत नाहीत. त्या जाण्याआधी काही महिने गाडी घसरते, गिअर उशिरा पडतो, चढावर इंजिन नुसते ओरडते. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेली गाडी आज सकाळी जागची हलत नसेल, तर आधी काही तुटले, निसटले किंवा गळले आहे का, वीज मिळते आहे का, हेच पाहिले पाहिजे. खोलणे सर्वांत शेवटी.

सुरुवात बॉक्सच्या ऑइलपासून. चार गिअरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन गरम करून, गाडी सपाटीवर उभी करून, लिव्हर सगळ्या गिअरांतून एकदा फिरवून पी (पार्किंग) मध्ये आणतात आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघतात. होंडाच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचे असते. हा फरक न पाळल्याने पातळी चुकीची दिसते आणि वर आणखी ऑइल ओतले जाते. जास्त ऑइलला फेस येतो आणि फेसाने दाब बसत नाही, म्हणजे कमी ऑइलचीच लक्षणे दिसू लागतात. डिपस्टिक नसलेल्या बॉक्सला बाजूला किंवा खाली पातळीचा बोल्ट असतो आणि तो ठरावीक तापमानालाच उघडायचा असतो.

ऑइल पांढऱ्या फडक्यावर टिपावे. लाल आणि पारदर्शक असेल तर बरे. तपकिरी आणि जळकट वासाचे असेल तर प्लेटा जळल्या आहेत. गुलाबी लस्सीसारखे गढूळ दिसले, तर रेडिएटरचे पाणी बॉक्समध्ये शिरले आहे. याकडे सोलापूरकरांनी खास लक्ष द्यावे. बॉक्सचे ऑइल थंड करणारी नळी बहुतेक जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच असते. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतले की आतून क्षार धरतो, गंज चढतो आणि एक दिवस ती नळी फुटते. पाणी लागल्यावर प्लेटांवरचे अस्तर सुटू लागते. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. आधी रेडिएटर बदलावा, मग ऑइल पूर्ण फ्लश करावे. वेळीच थांबले तर बॉक्स वाचू शकतो.

ऑइल ठीक आहे, पण डी (पुढे) आणि आर (मागे) दोन्हींत गाडी हलत नाही. अशा वेळी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक साधी गोष्ट बघावी. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत, ब्रेक दाबून डी टाकावा, हळूच ब्रेक सोडून थोडा रेस द्यावा आणि स्पीडोमीटरकडे बघावे. काटा २० वर जातो आणि गाडी जागेवरच असते, याचा अर्थ बॉक्स आपले काम करतो आहे. त्याच्या पुढे काही तरी सुटले आहे, बहुधा एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ताकद पोहोचवणारा दांडा) डिफरन्शिअलमधून (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातून) निसटला आहे किंवा त्याचा जॉइंट तुटला आहे. डिफरन्शिअल सगळी ताकद मोकळ्या बाजूला देते, म्हणून दुसरा शाफ्ट शाबूत असूनही गाडी हलत नाही. याची आणखी एक खूण म्हणजे पी टाकूनही गाडी उतारावर घरंगळते. दुरुस्ती शाफ्टची आहे, बॉक्सची नाही. या दोन गोष्टींत खर्चाचे अंतर फार मोठे आहे आणि नेमकी हीच तपासणी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते.

काटा हलत नसेल तर गिअरची केबल बघावी. एकाने आत लिव्हर फिरवावी, दुसऱ्याने बॉक्सवरचा छोटा आर्म फिरतो का ते पाहावे. केबलच्या टोकाचा प्लॅस्टिकचा बुश उन्हाने आणि इंजिनच्या धगीने ठिसूळ होऊन फुटतो. मग लिव्हर सैल, निर्जीव वाटते आणि बॉक्स ज्या गिअरला होता तिथेच अडकून राहतो. लिव्हर पी मधून निघतच नसेल तर आधी ब्रेक लाइट लागते का ते बघा. ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेला की लिव्हरचे लॉक सुटत नाही.

गाडी चालते, पण एकाच गिअरमध्ये, बहुतेक वेळा तिसऱ्यात, आणि उठायला फार जड वाटते. हे कॉम्प्युटरने बॉक्स वाचवण्यासाठी केलेले असते. इथे आधी बॅटरी मोजावी: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे बॉक्सच्या अंगाला लावून स्टार्टर मारावा. ०.५ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, वॉशिंगच्या प्रेशरने कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी, हेही बघावे. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड स्कॅनरने वाचता येतात, पण स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो. पी ०७०० हा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच, की बॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंदली आहे. ती वाचायला त्या गाडीला चालणारा स्कॅनर लागतो. पी ०७१५ आणि पी ०७२० हे स्पीड सेन्सरचे, पी ०७५० शिफ्ट सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा. चालू-बंद प्रकारच्या सोलेनॉइडचा रोध बऱ्याच गाड्यांत ११ ते १५ ओहम असतो, दाब सांभाळणाऱ्याचा ५ च्या आसपास. तरी मॅन्युअलशी ताडून पाहावा आणि गरम असतानाही मोजावा. थंड असताना चालणारी आणि तापल्यावर अडणारी गाडी इथेच सापडते.

एवढे सगळे बरोबर निघाले तरच संशय बॉक्सच्या आत. डी मध्ये हलत नाही पण एल (लो) मध्ये हलते, तर पहिल्या गिअरचा वन-वे क्लच (एकाच दिशेने पकडणारा) गेला. फक्त आर चालतो आणि पुढचा एकही गिअर नाही, तर फॉरवर्ड क्लच. कशातच काही नाही, तर प्रेशर पोर्टला (ऑइलचा दाब मोजायच्या भोकाला) दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोपर्यंतचा गेज लावावा. चार गिअरच्या बऱ्याच बॉक्समध्ये आयडलला डी मध्ये ४ किलोच्या आसपास दाब मिळतो, आर मध्ये त्याहून जास्त. शून्य आला तर पंप, कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग) किंवा चोंदलेला फिल्टर. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून धरून गिअरमध्ये पूर्ण रेस देणे, काही मिस्त्री हौसेने करतात. ऑइल कमी किंवा जळके असेल तर ती करूच नये, एरवीही ५ सेकंदांच्या वर नाही. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा बॉक्स), ड्युअल क्लच (दोन क्लचचा बॉक्स) आणि एएमटीला तर अजिबात नाही. या गाड्यांची तपासणी मुळातच वेगळी आहे. एएमटी म्हणजे साध्या गिअरबॉक्सवर बसवलेले यंत्र, तिथे वरचे निम्मे नियम लागूच होत नाहीत.

शेवटी चेंबर (बॉक्सखालचे ऑइलचे भांडे) उतरवून त्यातले चुंबक बघावे. त्यावरचा बारीक राखाडी लेप नेहमीचा असतो. चकाकते तुकडे, पितळी कण किंवा काळ्या खपल्या दिसल्या तरच खोलायची तयारी करावी. चेंबर काढल्यावर ३-४ लिटरच ऑइल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. जेवढे निघाले तेवढेच मोजून आणि कंपनीने सांगितलेल्या जातीचेच भरावे. ह्युंदाईला एसपी-३ जातीचे ऑइल लागते तिथे पॉवर स्टीअरिंगचे ऑइल चालत नाही.

मोहोळ किंवा टेंभुर्णीजवळ हायवेवर गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढत आणू नका. बॉक्सचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली तर आतले भाग कोरडे घासतात आणि वाचलेला बॉक्स रस्त्यात संपतो. त्याच कारणाने धक्का मारूनही ही गाडी चालू होत नाही. चारही चाके वर घेणारी क्रेन मागवा.

शहरातील गॅरेजवाल्यांना विनंती, की बॉक्स खोलण्याआधी ऑइलचा रंग आणि पातळी, व्होल्टेज, कोड आणि दाब हे आकडे बिलावर लिहून द्यावेत. मालकांनीही ते मागावेत, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि येथील शासकीय आयटीआयने मोटार मेकॅनिकच्या मुलांसमोर एक कापलेला ऑटोमॅटिक बॉक्स आणि एक प्रेशर गेज ठेवावा. शिकवायला आम्ही सुटीच्या दिवशी विनामोबदला येऊ.

आपले,
अक्कलकोट रस्ता परिसरातील काही मोटार कारागीर, सोलापूर