गांजाचे व्यसन, जनुके आणि टक्केवारीचा अर्थ

मा. संपादक,
सादर नमस्कार.

गांजाच्या व्यसनामागील जनुकांविषयीच्या संशोधनाच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात आणि 'व्यसनाचे जनुक सापडले' किंवा 'व्यसन निम्मे आनुवंशिक' अशा धर्तीचे मथळे त्यांना दिलेले असतात. अनेक वर्षे आनुवंशशास्त्र शिकवल्यामुळे मला या मथळ्यांची काळजी वाटते. 'आनुवंशिकता' या शब्दाचा शास्त्रातील अर्थ आणि व्यवहारातील अर्थ यांत मोठे अंतर आहे, आणि ज्याच्या घरात कोणी गांजाच्या आहारी गेले आहे असा वाचक साहजिकच व्यवहारातील अर्थ धरून बसतो.

निम्म्या वाट्याचा हा आकडा मुख्यतः जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आला आहे. एकाच फलित अंड्यापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्णपणे सारखी असतात, तर दोन अंड्यांपासून झालेल्या जुळ्यांची सरासरी निम्मीच. पहिल्या प्रकारच्या जोड्यांमध्ये गांजा ओढण्याच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारापेक्षा किती अधिक साम्य दिसते, यावरून जनुकांच्या वाट्याचा अंदाज बांधला जातो. अशा अनेक अभ्यासांचे २०१० साली एकत्रित विश्लेषण झाले. त्यात गांजाला सुरुवात करण्याच्या बाबतीत हा वाटा पुरुषांत ४८ आणि स्त्रियांत ४० टक्के, तर समस्या निर्माण करणाऱ्या सेवनाच्या बाबतीत तो अनुक्रमे ५१ आणि ५९ टक्के निघाला. एखाद्याचे व्यसन ५१ टक्के रक्तातून आणि उरलेले संगतीतून आले, असा याचा अर्थ नाही; बापाला व्यसन असल्यास मुलाला ते लागण्याची शक्यता ५१ टक्के आहे, असा तर मुळीच नाही. हा आकडा एका व्यक्तीविषयी काहीच सांगत नाही. विशिष्ट काळातील विशिष्ट समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकाचा किती भाग जनुकांतील फरकाशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो. गांजा कोणालाच मिळत नसेल, तर कोणतीही जनुके असली तरी त्याचे व्यसन लागणार नाही. आणि उद्या तो सर्वांना सारख्याच सहजतेने मिळू लागला, तर एकाही माणसाचे एकही जनुक न बदलता आनुवंशिकतेची टक्केवारी वाढू शकेल, कारण परिस्थितीतील फरक तेवढे कमी झालेले असतील.

त्याच विश्लेषणातील एक बारकावा बातम्यांत सहसा येत नाही. घर, शाळा, मित्रमंडळी अशा भावंडांना सामायिक असलेल्या परिस्थितीचा वाटा स्त्रियांमध्ये सुरुवातीच्या बाबतीत ३९ टक्के होता, पण समस्याजनक सेवनाच्या बाबतीत तो १५ टक्क्यांवर उतरला. म्हणजे पहिल्यांदा हात पुढे करणे आणि पुढे त्यातून सुटका न होणे या दोन गोष्टींची कारणे पुष्कळ अंशी वेगळी आहेत. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि मथळ्यांत नेमका तिचाच बळी जातो.

संपूर्ण जनुकसंचाची छाननी करणाऱ्या मोठ्या अभ्यासांनी हे आणखी स्पष्ट केले. २०१८ साली १,८४,७६५ लोकांच्या माहितीवरून आयुष्यात एकदा तरी गांजा घेतला आहे की नाही, या प्रश्नाशी जोडलेले आठ जनुकीय बदल दाखवण्यात आले. त्यांत सर्वांत ठळक होते सीएडीएम२ हे जनुक. चेतापेशींच्या परस्पर जोडणीत भाग घेणारे प्रथिन त्यापासून तयार होते आणि धोका पत्करण्याची वृत्ती, मद्यपान अशा इतर गोष्टींशीही त्याचा संबंध आढळला आहे. तेव्हा त्याला 'गांजाचे जनुक' म्हणणे म्हणजे घरातील विजेच्या मुख्य तारेला पंख्याची तार म्हणण्यासारखे आहे. शिवाय तपासलेले, लोकांत सर्रास आढळणारे सगळे जनुकीय बदल एकत्र धरूनही फरकाचा केवळ ११ टक्के भाग उलगडला. जुळ्यांच्या अभ्यासातील टक्केवारी आणि ही टक्केवारी यांतील दरी अद्याप बुजलेली नाही.

त्यानंतर २०२० मध्ये व्यसनाचाच, म्हणजे गांजा-सेवन विकाराचा, मोठा अभ्यास झाला. हा विकार ठरवण्यासाठी मानसोपचारात २०१३ पासून ११ निकष वापरले जातात आणि बारा महिन्यांत त्यांपैकी किमान दोन लागू पडले तर निदान होते. २०,९१६ रुग्ण आणि ३,६३,११६ इतर व्यक्ती यांच्या तुलनेत दोनच जागा खात्रीने पुढे आल्या. एक फॉक्सपी२ या, वाचेच्या विकासासंदर्भात पूर्वीपासून परिचित असलेल्या जनुकाजवळची, आणि दुसरी सीएचआरएनए२ या निकोटिनशी संबंधित ग्राहीच्या (पेशीवरील, विशिष्ट द्रव्य जिला चिकटते अशा प्रथिनाच्या) जनुकाजवळची. गांजातील टीएचसी हे द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहीला चिकटते, तिचे जनुक या दोहोंत नव्हते. (शरीर स्वतः तयार करते आणि त्याच ग्राहीला चिकटते अशा एका रेणूला १९९२ साली संस्कृत 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड असे नाव दिले गेले, आनंदाचा हा थेट मार्ग यादीत वर असेल, असे मलाही वाटले असते.) एकदा गांजा घेणे आणि व्यसन जडणे यांतील जनुकीय सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.५० एवढाच भरला. त्याहून विशेष म्हणजे गांजा घेऊन पाहण्याशी निगडित जनुकीय बदल अधिक शिक्षणाच्या बाजूला झुकलेले दिसतात, तर विकाराशी निगडित बदल कमी शिक्षणाच्या बाजूला. एकाच पदार्थाशी जोडलेल्या दोन प्रवृत्ती विरुद्ध दिशांना जात असतील, तर त्यांना एकाच मथळ्याखाली कोंबणे चुकीचे आहे.

पूर्वी एकेका जनुकावर भिस्त ठेवणाऱ्या संशोधनाचे काय झाले, हेही विसरू नये. २००५ साली न्यूझीलंडमधील डनीडिन येथील जन्मगटाच्या (एकाच सुमारास जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या) अभ्यासात असे सुचवले गेले की पौगंडावस्थेत गांजा घेणाऱ्यांपैकी कॉम्ट जनुकाचे विशिष्ट रूप असणाऱ्यांना पुढे मनोविकाराचा धोका अधिक असतो. कल्पना आकर्षक होती, तिची चर्चाही खूप झाली, पण नंतरच्या अभ्यासांत ती एकसारखी टिकली नाही.

गांजा आणि स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार यांच्या संबंधाबाबतही घाईने निष्कर्ष काढू नये. स्किझोफ्रेनियाकडे जनुकीय कल असणारी माणसे गांजाकडे अधिक वळतात, असे २०१८ च्या विश्लेषणातून सूचित झाले. तर २०२३ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या विश्लेषणात व्यसन आणि स्किझोफ्रेनिया यांचा परिणाम दोन्ही दिशांनी होत असल्याचे संकेत मिळाले. पण या १०,५४,३६५ लोकांपैकी ८,८६,०२५ जण युरोपीय वंशाचे होते. एका वंशगटावरून तयार केलेला जनुकीय जोखमीचा गुणांक (अनेक जनुकीय बदलांची बेरीज करून काढलेला धोक्याचा अंदाज) दुसऱ्या वंशगटात बराच कमी उपयोगी ठरतो, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही लाळेच्या नमुन्यावरून व्यसनाधीनतेचे भाकीत करून देतो, असे कोणी म्हणत असेल तर त्यावर पैसे खर्च करू नयेत. घरात पूर्वी कोणाला व्यसन होते का, हे विचारल्याने त्याहून अधिक कळते, आणि त्याला काही खर्च येत नाही.

जनुके बदलता येत नाहीत. सुरुवातीचे वय मात्र पुढे ढकलता येते. अमेरिकेतील १९९० च्या दशकातील एका सर्वेक्षणानुसार गांजा घेणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्याच्या अधीन होतात, पण किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण साधारण सहांत एक असल्याचे मानले जाते. पालकांच्या उपयोगाचा असा आकडा जनुकांविषयीच्या बातमीत शेवटच्या परिच्छेदात तरी यायला हवा.

आपल्या विज्ञान पुरवणीत पुढे अशी बातमी घ्याल तेव्हा अभ्यास गांजा घेऊन पाहण्याचा आहे, वारंवार घेण्याचा आहे की व्यसनाचा, हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि अभ्यासलेले लोक कोणत्या वंशगटाचे होते, तेही नोंदवावे, एवढी विनंती आहे. मथळा त्यामुळे थोडा लांबला तरी माझी हरकत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका