फुलझाड घेताना आधी माती पाहावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला की सांगली-मिरजेतील रोपवाटिकांमध्ये फुलझाडांच्या खरेदीसाठी गर्दी होऊ लागते. ही खरेदी बहुधा त्या दिवशी रोपावर असलेल्या फुलाकडे पाहून होते. झाड पुढची अनेक वर्षे कोणत्या मातीत आणि किती उन्हात उभे राहणार आहे, याचा विचार क्वचितच केला जातो, याचे मनापासून वाईट वाटते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वराच्या हवेला मानवणारे हायड्रेंजिया, जेमतेम सहाशे मिलिमीटर पावसाच्या आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी गाठणाऱ्या सांगलीत तग धरेल, अशी अपेक्षा कशी करावी? पेटुनिया आणि पॅन्सी ही तर हिवाळ्याचीच फुले. ती दिवाळीनंतर लावावीत आणि मार्चमध्ये निरोप घेतील हे गृहीत धरावे.

मात्र उन्हापेक्षाही अधिक दुर्लक्ष होते ते मातीकडे. कृष्णाकाठची काळी माती उसाला आणि हळदीला मानवते म्हणून ती प्रत्येक फुलझाडाला मानवेलच असे नाही. ती पाणी धरून ठेवते, आणि चुनखडीचे प्रमाण जास्त असेल तर तिच्यातील लोह मुळांना घेता येत नाही. अशा जमिनीत अनंत, एक्झोरा किंवा सोनचाफा यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी कमी पडले असे समजून घरची मंडळी आणखी पाणी घालतात आणि साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरून झाड अधिकच खंगते. लोह पुरवण्यासाठी हिराकस (फेरस सल्फेट) नुसता मातीत टाकला तर चुनखडीमुळे तो लवकरच निकामी होतो. तो शेणखतात मिसळून द्यावा किंवा पाण्यात अगदी सौम्य प्रमाणात विरघळवून पानांवर फवारावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे लागवडीपूर्वी दीड फूट खड्डा खणून तो पाण्याने भरून पाहणे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल, तर उंच वाफा करून त्यात वाळू व शेणखत मिसळावे, अन्यथा ही झाडे मोठ्या कुंडीतच लावावीत.

आपल्या हवेत आनंदाने फुलणाऱ्या झाडांची मुळीच वाण नाही. भर उन्हाच्या जागी बोगनवेल लावावी. तिला पाणी जास्त झाले की नुसता पाला माजतो, आणि थोडा ताण दिला की ती रंगाने भरून जाते. पांढरा चाफा, शंकासुर आणि सदाफुली कमी पाण्यावर भागवतात, परंतु निचरा तिघांनाही हवा. अर्धवट सावलीत अबोली चांगली येते. कण्हेर कितीही काटक असली, तरी तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले किंवा जनावरे असलेल्या घरी ती टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोगऱ्याइतके समाधान मात्र दुसरे कोणतेही झाड देत नाही. नोव्हेंबरअखेर त्याची छाटणी करून काही आठवडे पाणी तोडावे, नंतर आळ्यात शेणखत घालून पाणी सुरू करावे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, बाकीची बाग मलूल असताना, रोज संध्याकाळी कळ्या खुडता येतात. आळ्यावर उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले तर ओल टिकते. आपल्या जिल्ह्यात पाचटाला काय तोटा! ते शेतात जाळण्याऐवजी बागेत यावे.

रोपवाटिकाचालकांना माझी विनंती आहे की, रोपाच्या पिशवीवर किमतीसोबत त्या झाडाला ऊन किती लागते, पाणी किती लागते आणि काळ्या जमिनीत ते थेट लावता येते की नाही, एवढे मराठीत लिहावे. आपल्या दैनिकानेही मृगापूर्वी सांगली परिसराच्या हवामानाला आणि जमिनीला धरून फुलझाडांची माहिती क्रमशः द्यावी. जत-आटपाडीकडील कोरडी, हलकी जमीन आणि नदीकाठची भारी जमीन यांचा त्यात वेगवेगळा विचार व्हावा, कारण एका ठिकाणचा सल्ला दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आपली,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली