नाल्याखालचा गाळ वावरात टाकायच्या आधी पारा तपासा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या उन्हाळ्यात मी केळीच्या वावरात चाळीसेक ट्रॉल्या गाळ आणला. धरण-तलावातला गाळ काढून वावरात टाकायची गाळमुक्त धरण योजना चांगलीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा गाळ शहराचा नाला जिथे येऊन मिळतो त्या बाजूचा होता, काळाकुट्ट, अन वास असा की ट्रॅक्टरवाला पोरगा तोंडाला रुमाल बांधून बसला. पसरवताना त्यात सलाईनच्या नळ्या, सीएफएल बल्बचे तुकडे अन टोक तुटलेलं एक थर्मामीटर निघालं. त्यातला पारा कुठे गेला हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

लहानपणी मी सराफ गल्लीच्या मागे झारेकरी बाया बघितल्यात. गटारीतला चिखल घमेल्यात धुवायच्या, त्यात पारा ओतून हातानेच चोळायच्या, सोन्याचा कण पाऱ्याला धरतो, मग तो गोळा तापवला की पारा उडतो अन सोनं उरतं. त्यांना दोष कसा देणार, तो धूर पहिला त्यांच्याच छातीत जायचा. पण घमेल्यातून निसटलेला पारा गटारीत, तिथून नाल्यात, मग नदीत. कोळशाच्या राखेत पण थोडा असतोच.

लोक म्हणतात पाण्याचा रिपोर्ट तर चांगला आलाय. येणारच ना. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 0.001 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण पारा बारीक गाळाला चिकटून तळाला बसतो, पाण्याच्या बाटलीत तो सापडणार कसा? माझी पोरगी केमिस्ट्रीत एमेस्सी करते, तिने समजावलं की तळाच्या चिखलात हवा नसते, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात, ते किड्यांतून बारक्या मासळीत जातं अन मरळ, वाम अशा मासे खाणाऱ्या माशांत साठत साठत वाढतं. धुवा, तळा, जात नाही. गरोदर बाईने खाल्लं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत जातं.

जपानात मिनामाटाला असेच पाऱ्याचे मासे खाऊन लोक आजारी पडले, तिथे कारखान्याने पारा सोडणं 1968 ला थांबलं, तरी तळाचा गाळ काढायचं काम 1977 ते 1990 चाललं, 15 लाख घनमीटर गाळ, तोही किनाऱ्याला भिंती घालून आत बंद केला. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेलं जाळं 1997 ला निघालं. अन आपण तोच तळ जेसीबीने ढवळून ट्रॉलीत भरतो!

मी एका ऑफिसात विचारलं तर म्हणे माती परीक्षण करून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे, पारा त्यात नाहीच. केळीच्या घडात पारा उतरतो असं मी म्हणत नाही, पण पावसात वावरातून वाहून तो परत तापीतच जाणार अन तिथले मासे आमचे भोई बांधव रोज खातात.

डोंगराकडच्या पाझर तलावाचा गाळ खुशाल न्या. शहराच्या नाल्याखालचा गाळ मात्र उचलायच्या आधी वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेऊन पारा तपासावा, सोबत मरळ अन वामही, अन रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. पाऱ्याचं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार भारताने 2018 ला मंजूर केलाय, मग एवढं तर व्हायलाच पाहिजे.

माझ्या बांधावर पाच-सहा ट्रॉल्यांचा ढीग अजून ताडपत्रीखाली झाकून ठेवलाय. कोणी तपासून देत असेल तर पिशवी भरून मी स्वतः आणून देतो, फक्त पावसाच्या आत सांगा.

– एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव