मराठी प्रत आधी मोठ्याने वाचा

संपादक महोदय,

माझे पती चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला, दोन प्रकारच्या केमो देऊन झाल्या, तेव्हा नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीबद्दल डॉक्टरांनी विचारलं. हातात बावीस पानी मराठी संमतिपत्र दिलं. घरी आल्यावर ह्यांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि प्रूफ तपासायला बसले. सहाव्या पानावर दमले. ‘कमाल सहनीय मात्रा’खाली दोन रेघा आणि समासात लिहिलेलं: ‘कोणी सहन करायची?’

दुसऱ्या दिवशी तोच कागद तिथल्या तरुण डॉक्टरबाईंपुढे ठेवला. त्या हसल्या. “काका, आधी तिघांना कमी डोस. मग थांबून बघायचं. फार त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वाढवून. माणसाला किती झेपतं ते शोधतोय. गाठ कमी झाली तर चांगलंच, पण आत्ता मुख्य काम ते नाही.”

“मग असंच छापा की!” हे म्हणाले, आणि सही केली.

शेजारी म्हणाले, उंदीर करून ठेवतील. ह्यांना ते झोंबलं. बऱ्याच औषधांची पहिली चाचणी धडधाकट माणसांवर होते, पण केमो पेशीच मारते, ती निरोगी माणसाला कशी देणार, हे लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवायचे.

औषधाच्या दोन सायकल, म्हणजे फेऱ्या झाल्या. तळपायांची कातडी सोलली, स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या निघाल्या, आम्ही चाचणीतून बाहेर पडलो. सात आठवड्यांनी हे गेले. औषधाबद्दल माझी तक्रार नाही. (घोडबंदर रोडबद्दल आहे. उलटीची पिशवी धरून तासभर रिक्षात बसलंय कोणी?)

मला आठवते ती शेजारच्या खाटेवरची शहापूरची बाई. नवीन औषध म्हणजे गुण येणारच, असं ती धरून चालली होती. पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या होत्या, तिथे तिथे तिने सह्या केल्या. वाटेल तेव्हा बाहेर पडता येतं, हे सतराव्या पानावर होतं. मी सांगितलं तेव्हा तिला कळलं.

औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे, चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात जण असतात आणि त्यांत एक तरी सामान्य माणूस लागतो. मंजुरीआधी त्याच माणसाने संमतिपत्राची मराठी प्रत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी. तो अडखळेल ते वाक्य बदलावं. याला ना पैसा लागतो, ना नवा कायदा.

ह्यांची लाल खुणांची प्रत मी त्या रुग्णालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोच आली आहे. सहा पानं तपासलेली आहेत, सोळा राहिली.

– एक वाचक, कासारवडवली, ठाणे