चौदाशे वर्षांचे सोयीस्कर वैर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इराकमधील शिया-सुन्नी वैर चौदाशे वर्षांचे असून अमेरिका त्यात केवळ सापडली, हे कालच्या अंकातील आपल्या लेखकमहाशयांचे निदान वाचून करमणूक झाली. अमेरिकेने इराक जिंकल्यावर तेथे नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी मे 2003 मध्ये लागोपाठ दोन आदेश काढून सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतील लोकांना सरकारी नोकऱ्यांतून घालवले आणि सारे सैन्यच बरखास्त केले, याचा लेखात उल्लेखही नाही. शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे बेकार करून वर बंडखोरी कोठून आली म्हणून विचारणे, याला धाडस लागते. पुढे जुलैमध्ये नेमलेल्या 25 जणांच्या शासन परिषदेत 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द आणि उरलेले दोन इतर अल्पसंख्य अशी वाटणी झाली. म्हणजे सत्तेत यायचे तर आधी पंथ सांगायचा, ही सोय परक्या राज्यकर्त्यांनीच करून दिली.

ऐंशीच्या दशकात मी एका भारतीय कंत्राटदाराच्या कामावर इराकमध्ये होतो. आमचा स्टोअरकीपर सामर्राचा सुन्नी. एका शुक्रवारी त्याने आम्हाला गावी नेले. तेथला प्रसिद्ध चक्राकार मिनार त्याने उभ्या उभ्या दाखवला, पण अल-अस्करीच्या सोनेरी घुमटापुढून तो हलेना. शियांच्या दहाव्या आणि अकराव्या इमामांच्या त्या समाधीची देखभाल परंपरेने सुन्नी घराण्यांकडे होती, आणि बाजारातील सुन्नी दुकानदार शिया यात्रेकरूंची वाट पाहत. सद्दामची राजवट सुखाची होती असे मी म्हणत नाही. 1991 मध्ये त्याने दक्षिणेतील शियांचा उठाव कसा चिरडला ते जगजाहीर आहे. परंतु शंभर वर्षे सोन्याने झळकणारा तो घुमट 22 फेब्रुवारी 2006 रोजी, दीड लाखाच्या आसपास परदेशी फौज देशात असताना उडवला गेला आणि त्यानंतर बगदादच्या मिश्र वस्त्या पंथांनुसार फाटत गेल्या. हे जुने वैर 1920 साली कोठे होते, तेही लेखकमहाशयांनी कळवावे; तेव्हा ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात बगदादचे शिया आणि सुन्नी एकत्र जमत होते.

जाता जाता एक. लेखासोबतच्या नकाशात सामर्रा बगदादच्या दक्षिणेस, फरात नदीवर दाखवले आहे. ते उत्तरेस, तैग्रिसच्या काठी आहे. हाच नकाशा आपण पूर्वीही छापला होता; त्याबद्दलचे माझे मागील पत्र आपण छापले नाही, त्याविषयी तक्रार नाही; नकाशा मात्र बदलावा.

आपला,
एक निवृत्त अभियंता, डोंबिवली (पूर्व)