सौर पॅनेलची जागा स्लॅब टाकण्याआधी ठरवा

मा. संपादक,
स.न.

सौरऊर्जा आणि हरित इमारतींचा प्रसार व्हावा याबद्दल कुणाचेच दुमत नाही. अनुदान, कर्जे, जाहिराती यांवर चर्चाही भरपूर होते. पण प्रत्यक्ष गच्चीवर गेल्यावर काम अडते ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने : घर बांधताना पॅनेलचा विचार कुणी केलेलाच नसतो. घर उभे राहते, रंग लागतो, माणसे राहायला येतात आणि मग गच्चीत जागा शोधली जाते. तोवर नेमक्या उन्हाच्या जागी पाण्याची टाकी बसलेली असते.

1 किलोवॅटच्या पॅनेलचे स्वतःचे क्षेत्रफळ 5 चौरस मीटरच्या आसपास भरते. ओळींमधले अंतर आणि धुण्यापुसण्यासाठी चालायची वाट धरली, की सपाट गच्चीवर 8 ते 10 चौरस मीटर लागतात. ही जागा सावलीबाहेरची हवी, आणि इथेच हिशेब चुकतो. उत्तर गोलार्धात 22 डिसेंबरच्या आसपास सावल्या सर्वांत लांब पडतात. त्या दिवशी सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळेतली सावली नकाशावर काढून पाहावी. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असेल, तर 1 मीटर उंचीच्या कठड्याची सावली 1.7 मीटर पडते आणि 3 मीटर उंच जिन्याच्या खोलीची 5 मीटरच्या पुढे जाते. जिना आणि टाकी गच्चीच्या उत्तर बाजूला घेतली, तर या सावल्या पॅनेलवर पडण्याऐवजी बाहेर जातात. नकाशात हा बदल पेन्सिलीच्या दोन रेघांचा असतो. नंतर तो होतच नाही.

थोडीशी सावली चालेल, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. पॅनेलमधले सेल एकापुढे एक, माळेसारखे जोडलेले असतात आणि माळेतला सर्वांत कमजोर सेल सगळ्यांचा प्रवाह रोखतो. त्यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये साधारणपणे तीन बायपास डायोड असतात. सावली आलेला भाग ते वळसा घालून वगळतात. म्हणजे खालच्या कडेवर कठड्याची वीतभर सावली आली, तरी पॅनेलचा मोठा हिस्सा बंद पडू शकतो. पक्ष्यांच्या विष्ठेचा वाळलेला डागही असेच करतो. तिथला सेल वीज देण्याऐवजी तापत राहतो आणि कालांतराने काचेखाली तपकिरी ठिपका दिसू लागतो. म्हणून गच्चीवर नळ हवाच. पॅनेल सकाळी लवकर, थंड असताना, मऊ ब्रशने धुवावेत. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकण्याचा धोका असतो, आणि जड पाणी वाळले की क्षारांचा थर राहतो.

दुसरी मोठी चूक गळतीची. तयार गच्चीवर ड्रिल मारून सांगाड्याचे पाय बसवतात, वॉटरप्रूफिंगला भोके पडतात आणि पुढच्या पावसात खालच्या खोलीचे छत ओले होते. दोष मग सौरऊर्जेच्या माथी. स्लॅबच्या सळ्या बांधतानाच सांगाड्याच्या पायांसाठी काँक्रीटचे छोटे ओटे धरून त्यांत बोल्ट सोडले, तर वॉटरप्रूफिंगचा थर ओट्याच्या अंगावर वर चढवता येतो आणि भोक पाडायची वेळच येत नाही. हे बोल्ट वजनापेक्षा वाऱ्यासाठी जास्त महत्त्वाचे. पॅनेल आणि सांगाड्याचे वजन स्लॅबला फारसे जाणवत नाही. वादळी वारा मात्र तिरक्या पॅनेलला पंखासारखा खालून उचलतो. सांगाडा गरम जस्तलेपनाचा असावा आणि जागेवर कापू नये. कापलेल्या तोंडावर जस्त उरत नाही, गंज तिथूनच सुरू होतो.

स्लॅबच्याच वेळी गच्चीपासून मीटरच्या खोलीपर्यंत दोन रिकाम्या नळ्या सोडाव्यात, एक डीसीसाठी (पॅनेलमधून येणारी, एकाच दिशेने वाहणारी वीज), एक एसीसाठी (घरात वापरतो ती, दिशा बदलत राहणारी वीज). नाही तर केबल बाहेरच्या भिंतीवरून लोंबत येतात आणि उन्हाने त्यांचे आवरण तडकते. डीसीच्या जोडणीबाबत हयगय अजिबात नको. एसीचा प्रवाह सेकंदाला अनेकदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझण्याची शक्यता असते. डीसीची ठिणगी पेटली की धगधगत राहते. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले, तरी जोडू नयेत. आतला संपर्क सैल राहतो, तापतो आणि आगीचे निमित्त होतो. ग्राहकाला आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी : बॅटरीशिवायची, ग्रिडला म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेली यंत्रणा वीज गेल्यावर स्वतःहून बंद पडते. बाहेर तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती तशीच बनवलेली असते.

आता उष्णतेबद्दल. पॅनेलवर छापलेली क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण 0.35 टक्क्याने घटते. सेल 60 अंशांवर गेला तर घट 12 टक्क्यांच्या घरात पोहोचते. त्यामुळे पॅनेल स्लॅबला चिकटवून न बसवता खालून हवा खेळती ठेवावी. उंचावरच्या पॅनेलची सावली स्लॅबलाही मिळते, हा वरचा फायदा.

पण पॅनेल बसवले म्हणजे इमारत हरित झाली, हे आम्हाला मान्य नाही. आधी ऊन बाहेर थोपवायचे, मग उरलेल्या गरजेपुरती वीज बनवायची, हाच क्रम योग्य. दक्षिणेच्या खिडकीला आडवा सज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्याजवळ असतो. पश्चिमेच्या खिडकीला तो कुचकामी ठरतो. संध्याकाळचे ऊन जवळजवळ आडवे, सज्ज्याखालून थेट खोलीत शिरते. तिथे काचेच्या बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा झडपा हव्यात. आतला पडदा ऊन काचेच्या आत आल्यावर अडवतो, तेव्हा उष्णता खोलीत पोहोचलेली असते. पश्चिमेला मजलेच्या मजले काचेने मढवायचे आणि गच्चीवर पॅनेल लावून इमारतीला हरित म्हणायचे, हे थांबले पाहिजे. छताचे उष्णतारोधन स्लॅबच्या वरून करावे. खालून केले तर खोली गार राहते, पण स्लॅब तापत, प्रसरण पावत राहतो आणि त्याला भेगा जातात. पांढऱ्या परावर्तक रंगाचा उपयोग चांगला होतो, मात्र धूळ बसली की त्याचा गुण उतरतो. तोही धुवावा लागतो.

सिमेंटच्या बाबतीत राखमिश्रित सिमेंट जरूर वापरावे, कारण क्लिंकर (ज्या भाजलेल्या खड्यांची पूड करून सिमेंट बनते ते) भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि राखेमुळे क्लिंकर कमी लागते. पण या सिमेंटला ताकद सावकाश येते. किमान 10 दिवस पाणी मारावे, शटरिंग काढायची घाई करू नये.

परवानगी देणाऱ्या यंत्रणांनी प्रत्येक इमारतीच्या नकाशासोबत गच्चीचा एक स्वतंत्र कागद मागावा, एवढीच आमची मागणी आहे. त्यावर 22 डिसेंबरची सावली, पॅनेलची राखीव जागा, ओटे, दोन नळ्या, नळ आणि अर्थिंगची जागा दाखवलेली असावी. अनुदानाचा काही भाग किलोवॅटवर न देता पहिल्या 12 महिन्यांत मीटरवर नोंदलेल्या युनिटांवर द्यावा. भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात 1 किलोवॅटने दिवसाला सरासरी 4 युनिटांच्या आसपास वीज द्यायला हवी. ती 3 च्या खाली राहिली, तर आधी सावली तपासावी, मग धूळ, मग जोडण्या.

आपले,
इमारत आणि सौरऊर्जा क्षेत्रातील काही अभियंते