चि. प्राजक्तास, नव्या गाडीबद्दल

कोपरी, ठाणे
मंगळवार रात्र

चि. प्राजक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता गेलीस. तुझ्यासाठी बाजूला काढलेल्या अळूवड्या अजून डब्यातच आहेत आणि आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी ती हायरायडर बघायला गेलो, तेव्हा शोरूममध्ये त्या मुलासमोर मी आवाज चढवायला नको होता. चुकलंच माझं. नोकरी तुझी, पैसे तुझे, गाडीही तुझीच.

पण मी कशानं बिथरलो ते तुला कळायला हवं. तीन हात नाक्याला सिग्नल लागला, तू ब्रेक दाबलास आणि इंजिन गप्प झालं. माझा पाय आपोआप क्लच शोधायला लागला. 31 वर्षं एसटी चालवली; इंजिन गप्प झालं म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढंच या कानांना ठाऊक. मग सिग्नल सुटला आणि गाडी तशीच, आवाज न करता, पाण्यावरून होडी सरकावी तशी पुढे गेली. “बाबा, बघा, बॅटरीवर चाललीय!” तू म्हणालीस. केवढी खूश होतीस! आणि माझ्या मनात आलं, गाडी एवढी शांत, वर एसीचा गारवा. रात्री नऊला तळेगावहून निघालेल्या माझ्या पोरीला जागं कोण ठेवणार?

झोपेचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. निघालाच.

गाडीचंच बोलतो. काल गॅरेजमध्ये बसून सगळं समजून घेतलं. हायरायडरची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची, इलेक्ट्रिक गाडीच्या मानानं इवलीशी. तिला प्लग लावावा लागत नाही, म्हणजे चार्जिंगसाठी तुमच्या सोसायटीच्या कमिटीच्या पाया पडायला नको. ब्रेक दाबला की गाडी पुढे नेणारी मोटरच जनरेटर होते. आमच्या वेळी जी ताकद ब्रेकचे लायनर तापवण्यात फुकट जायची, ती इथे बॅटरीत जाते. हे मला फार आवडलं. किती घाट उतरलो आणि किती लायनर जाळले, त्याची गणती नाही. बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. तेव्हा बॅटरीवरून मी जे बोललो ते मागे घेतो.

हिशेब मात्र शोरूमच्या आकड्यावर करू नकोस. लिटरला 27.97 हे चाचणीतलं मायलेज. या गाड्यांचा खरा फायदा थांबत-थांबत जाण्यात, कळंबोलीच्या गर्दीत. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगानं सलग धावताना बरंचसं काम इंजिनच करतं. म्हणून मी 20-21 धरले. आठवड्यातून तीन दिवस जाऊन-येऊन 160, म्हणजे महिन्याला 1,900 किलोमीटर. साध्या पेट्रोल गाडीला 14 धरले, तर हिच्यात महिन्याला 40-45 लिटर वाचतात. आजच्या भावानं साडेचार हजारांच्या आसपास. साध्या गाडीपेक्षा वरचे अडीच लाख फिटायला साडेचार-पाच वर्षं. तेवढी वर्षं तू त्याच प्लांटला असशील तर घे. माझी ना नाही.

येताना घाट सांभाळ. खंडाळ्याहून खाली उतरताना ती इवलीशी बॅटरी घाट संपायच्या आतच भरते. भरली की मोटरनं गाडी धरून ठेवणं कमी होतं. तेव्हा गिअरचा लिव्हर ‘बी’वर घे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. इंजिन ओरडेल, ओरडू दे. न्यूट्रल चुकूनही करू नकोस. न्यूट्रलमध्ये बॅटरीसुद्धा भरत नाही. ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं, हे माझ्या उस्तादांचं पहिलं वाक्य. घाटातल्या जुन्या रस्त्यानं जाताना शिंगरोबाच्या देवळाला नाणं टाकल्याशिवाय ते पुढे जात नसत. मीही कधी गेलो नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 1989, माईच्या लग्नानंतरची पहाट. दोन रात्रींचं जागरण. शेजाऱ्यांची मॅटाडोर मागून आणलेली, मागे भांडी आणि सतरंज्या, शेजारी आई आणि तिच्या मांडीवर तू, आठ महिन्यांची. माळशेज उतरत होतो. डोळे उघडे होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मधलं एक वळण मला आठवत नाही. मागचं चाक कठड्याला घासलं, त्या आवाजानं भानावर आलो. खाली येऊन गाडी थांबवली. टायरच्या बाजूला कठड्याचा पांढरा चुना लागला होता. तुझ्या दुपट्याचं टोक ओलं करून तो पुसला आणि आईला सांगितलं, दगड लागला. ती अजून तेच समजते. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

आवाजानं वाचलो ग. म्हणून त्या शांत गाडीत माझा जीव वरखाली झाला.

झोप काच खाली करून, गाणी लावून जात नाही. चहानंही भागत नाही. फूड मॉलला गाडी लावायची, दारं लॉक करायची आणि वीस मिनिटं सरळ झोपायचं. घरी उशीर झाला तर झाला, निखिल पिलूला जेवू घालेल. ऑडिटच्या दिवसांत तर सोमाटण्याला सुमनमावशीकडेच राहत जा, ती कधीची बोलावतेय. आणि ते वेग आपोआप धरून ठेवणारं क्रूझ का काय, ते लावून पाय मोकळा सोडून बसायचं नाही, निदान रात्री तरी नाही, आणि...

पुन्हा शिकवणी सुरू झाली. माफ कर. छत्तीस वर्षांच्या बाईला, शंभर माणसं हाताखाली असलेल्या बाईला मी झोपायचं कसं ते सांगतोय.

खरं सांगू? आजोबांनी मालकाचा ट्रक चालवला, मी सरकारची बस चालवली. आपल्या घरात स्वतःच्या नावावर गाडी घेणारी पहिली तूच. हे रविवारी बोलायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

शनिवारी खारघरला येतो. बुकिंग केलंस तरी चालेल, माझ्यासाठी थांबू नकोस. गाडी आली की एकदा रात्रीचा घाट तुझ्या शेजारी बसून उतरेन. मध्ये बोलणार नाही.

आणि तळेगावहून घरी पोचलीस की एक मिस्ड कॉल देत जा. उचलणार नाही, नुसता वाजू दे. कितीही वाजले असोत, मी जागाच असतो.

तुझे,
बाबा